मदत हवी आहे: 'पर्यंत'ला इंग्रजीत 'बाय' कधी आणि 'टिल' कधी?

नमस्कार मंडळी,

मी कोल्हापूरजवळ शिरोलीच्या एमआयडीसीत एका छोट्या फाउंड्रीत डिस्पॅच बघते. शिक्षण सगळं मराठी माध्यमात झालं. इंग्रजी मेल वाचून कळतात, पण उत्तर लिहायला बसलं की एका शब्दाशी हमखास अडते. तो म्हणजे आपला 'पर्यंत'.

दोन महिन्यांपूर्वी परदेशातल्या एका गिऱ्हाइकाला मी लिहिलं, 'वी विल सेंड द सॅम्पल्स टिल फ्रायडे.' मला म्हणायचं होतं, शुक्रवारपर्यंत नमुने पाठवतो. त्यांनी उलट विचारलं, रोज किती नमुने पाठवणार आणि शुक्रवारनंतर का थांबणार? आमचं तर एकच खोकं जायचं होतं. दोन दिवस नुसती मेलामेली झाली.

तेव्हापासून 'टिल'ची धास्तीच घेतली आणि सगळीकडे 'बिफोर' लिहायला लागले. गेल्या महिन्यात कळवलं, 'मटेरियल विल बी रेडी बिफोर 20'. माझ्या हिशेबात वीस तारीख धरलेली होती. त्यांची गाडी 19 ला सकाळी गेटवर हजर. ओतलेली कास्टिंग तेव्हा नुकती सफाईच्या शॉट ब्लास्टिंगमधून निघाली होती, रंग व्हायचा होता. गाडी रिकामी परत गेली आणि भाडं आमच्या अंगावर आलं. मालक काही बोलले नाहीत, पण मला त्या रात्री झोप लागली नाही.

डिक्शनरीत बघितलं तर 'बाय'चे अर्थ पान भरून दिलेत. वाचून डोकं आणखी गरगरलं. तर मला एवढंच सांगा:

'पर्यंत' म्हणायचं असेल तेव्हा 'बाय' की 'टिल', हे चटकन ओळखायचं कसं? 'बाय 20' लिहिलं तर वीस तारीख धरतात की सोडतात? आणि बस'ने', चाकू'ने', दहा टक्क्यां'नी' या सगळ्या 'ने'ला 'बाय'च का?

व्याकरणाच्या नावांपेक्षा रोजची वाक्यं दिलीत तर उपकार होतील.

प्रतिसाद १

ताई, मुदत असेल तर डोळे मिटून 'बाय' लिहा. आमच्याकडे पेमेंटच्या सगळ्या मेल 'बाय 31 मार्च' अशाच जातात.

प्रतिसाद २

मी बरीच वर्षं आठवी ते दहावीला इंग्रजी शिकवलं. ही अडचण प्रत्येक वर्गात यायची, त्यामुळे तुमच्या इंग्रजीत काही मोठी खोट आहे असं मनात आणू नका. आपला 'पर्यंत' दोन कामं करतो, इंग्रजीत त्या दोन कामांना दोन शब्द आहेत. एवढाच सगळा घोटाळा.

मुलांना मी एक युक्ती सांगायचो. 'पर्यंत' काढा आणि तिथे 'च्या आत' घालून वाक्य म्हणून बघा. 'शुक्रवारच्या आत नमुने पाठवतो.' कानाला बरोबर लागतं? मग 'बाय'. 'शुक्रवारच्या आत थांबतो.' असं आपण म्हणत नाही, म्हणून तिथे 'टिल'. पाठवणं एकदा होऊन संपतं, थांबणं मात्र शुक्रवार येईतो चालूच असतं. तुम्ही 'सेंड'ला 'टिल' जोडलंत, म्हणून त्यांना वाटलं पाठवणं रोज चालू राहणार.

आता हीच युक्ती मोठ्या वाक्यावर लावू. 'मी पोहोचेपर्यंत गाडी सुटली होती.' पोहोचायच्या आत सुटली, म्हणजे 'बाय'. फक्त इथे 'बाय आय रीच्ड' चालत नाही, 'बाय द टाइम आय रीच्ड' असं म्हणावं लागतं. 'मी पोहोचेपर्यंत थांब' याला मात्र सरळ 'वेट टिल आय रीच'. 'टिल'च्या जागी 'अनटिल' लिहिलंत तरी अर्थ तोच.

तारखेचं विचारलंत. 'बाय 20' म्हणजे उशिरात उशिरा वीस, वीस तारीख धरून. 'बिफोर 20' म्हणजे विसाच्या अलीकडे, म्हणून गाडी 19 ला आली. तुमच्या गिऱ्हाइकाने वाक्य बरोबरच वाचलं. पैशाचा मामला असेल तर 'ऑन ऑर बिफोर 20' लिहावं, म्हणजे वाद राहत नाही. सरकारी मराठीत 'रोजी किंवा तत्पूर्वी' लिहितात, ते हेच.

'ने'बद्दल थोडक्यात. करणारा माणूस असेल तर 'बाय', हातातलं हत्यार असेल तर 'विथ'. खोकं हेल्परने पान्याने उघडलं, तर 'बाय द हेल्पर, विथ अ स्पॅनर'. प्रवासाला 'बाय बस', 'बाय ट्रेन', पण 'माझ्या गाडीने' म्हणताना 'इन माय कार', आणि पायी 'ऑन फुट'.

टक्क्यांकडे मात्र नीट लक्ष द्या, कारण तुमचं काम दराचं आहे. भाव दहा टक्क्यांनी वाढवला तर 'बाय टेन पर्सेंट'. सूट पाच टक्क्यांवरून दहा टक्क्यांवर नेली तर 'टू टेन पर्सेंट'. इथला 'बाय' किती फरक पडला ते सांगतो. 2011 च्या वर्ल्ड कपची फायनल आपण वानखेडेवर जिंकली ती 'बाय सिक्स विकेट्स'. मराठीत आपण त्याला 'सहा गडी राखून' म्हणतो, म्हणून त्यातला 'बाय' आपल्या लक्षात येत नाही.

खरं तर 'बाय' आपल्या तोंडात कधीचाच आहे. दहा बाय दहाची खोली, टू बाय टू सीटची बस, हॉटेलात वन बाय टू सूप. मुलं 'कविता बायहार्ट केली' म्हणतात, इंग्रजीत मात्र ते 'लर्न बाय हार्ट' असं होतं.

प्रतिसाद ३

सर, युक्ती झकास आहे, पण नकार आला की फसते. 'दुकान दहाच्या आत उघडत नाही' हेही आपण म्हणतो. तुमच्या नियमाने तिथे 'बाय' येईल, पण इंग्रजीत तर 'डझन्ट ओपन टिल टेन' म्हणतात.

प्रतिसाद ४ (प्रतिसाद २ लिहिणाऱ्यांकडून)

अगदी बरोबर पकडलंत. हे सांगायचं राहिलं. नकार असेल तर 'शिवाय' लावून बघायचं. 'दहाशिवाय उघडत नाही', 'पेमेंट आल्याशिवाय माल सोडत नाही'. 'शिवाय' चपखल बसला की 'टिल'. आणि 'अजून आला नाही' याला 'टिल नाऊ' लिहू नका, 'यट' लिहा. 'ही हॅजन्ट कम यट.'

धागा काढणाऱ्या ताईंकडून

सर, मनापासून आभार. 'च्या आत' आणि 'शिवाय' दोन्ही कागदावर लिहून कॉम्प्युटरच्या कडेला चिकटवलंय. आजच एक मेल जायची आहे, पाठवण्याआधी बघाल का?

'द कास्टिंग्ज विल बी रेडी बाय 12. प्लीज डू नॉट सेंड द ट्रक टिल वी कन्फर्म.'

पहिल्यात 'बाराच्या आत तयार', म्हणून 'बाय'. दुसऱ्यात 'आम्ही कळवल्याशिवाय गाडी पाठवू नका', म्हणून 'टिल'. बरोबर धरलं का?

प्रतिसाद ५ (प्रतिसाद २ लिहिणाऱ्यांकडून)

दोन्ही बरोबर. फक्त 12 च्या पुढे महिना लिहा आणि पाठवा.