अनुभव धागा : 'नाइट ऑफ द लिव्हिंग डेड' अजून का पाहिला जातो?

१ ऑक्टोबर १९६८ रोजी अमेरिकेतील पिट्सबर्ग शहरात प्रथम दाखवला गेलेला 'नाइट ऑफ द लिव्हिंग डेड' हा कृष्णधवल भयपट सुमारे १ लाख १४ हजार डॉलरमध्ये तयार झाला होता. दिग्दर्शक जॉर्ज रोमेरो यांचा हा पहिलाच कथापट. त्यांचा आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा पोटापाण्याचा उद्योग जाहिराती व औद्योगिक लघुपट करण्याचा होता. दहा जणांनी सुरुवातीला प्रत्येकी ६०० डॉलर घालून 'इमेज टेन' ही कंपनी काढली आणि बाकीचे पैसे गोळा होतील तसे चित्रीकरण पुढे नेले. नुकत्याच मेलेल्या माणसांनी उठावे, जिवंतांना खावे आणि मेंदू निकामी केल्याशिवाय थांबू नये, हे आज शाळकरी मुलांनाही पाठ असलेले नियम या चित्रपटाने रूढ केले.

त्यानंतर याच प्रकारचे कितीतरी पटींनी खर्चिक आणि रक्तबंबाळ चित्रपट आले, त्यांतले बहुतेक विसरलेही गेले. हा मात्र पाहिला जातो. आपण तो कुठे व कोणाबरोबर पाहिला, त्यातले नेमके काय मनात राहिले आणि काय पटले नाही, ते सविस्तर लिहावे, अशी सर्वांना विनंती. शेवट उघड करण्यास हरकत नाही. ज्यांनी पाहिला नसेल त्यांनी आधी पाहून यावे. अवघा दीड तासाचा चित्रपट आहे.

पिट्सबर्गहून, गेली अनेक वर्षे इथेच स्थायिक

नोकरीनिमित्त इथे आले तेव्हा हा चित्रपट मला नावानेही ठाऊक नव्हता. इथे मात्र तो घरचा समजला जातो. ज्या फुल्टन थिएटरमध्ये त्याचा पहिला खेळ झाला ते आज बायहॅम थिएटर या नावाने चालू आहे आणि मी तिथे नाटके पाहिली आहेत. रोमेरो यांची कागदपत्रे २०१९ पासून पिट्सबर्ग विद्यापीठाच्या ग्रंथालयात आहेत. त्यांचा १९७८ चा 'डॉन ऑफ द डेड' ज्या मनरोव्हिल मॉलमध्ये चित्रित झाला तिथे त्यांचा अर्धपुतळाही बसवला गेला.

चित्रपट पाहिल्यावर काही महिन्यांनी आम्ही एव्हान्स सिटीला गेलो. शहराच्या उत्तरेला तासाभराच्या आत पोहोचता येईल असे ते छोटे गाव आहे, आणि बार्बरा व जॉनी ही भावंडे वडिलांच्या कबरीवर फुले ठेवायला येतात ती सुरुवातीची दफनभूमी तिथे टेकडीवर आहे. मला वाटले होते की जागा पडद्यावर दिसते तशी उदास असेल. प्रत्यक्षात ती नीट राखलेली, हिरवीगार आणि नेहमीच्या वापरातली दफनभूमी आहे, त्यामुळे आम्ही बोलणे आपोआप हळू केले. लोकांची खरी माणसे तिथे आहेत. पडद्यावर दिसणारे छोटे प्रार्थनागृह पाडण्याची वेळ आली होती, तेव्हा चित्रपटाच्या ध्वनिमुद्रणावर काम केलेले गॅरी स्ट्रायनर यांनी पुढाकार घेतला आणि चाहत्यांच्या वर्गणीतून त्याची दुरुस्ती झाली. चित्रपटातली माणसे ज्यात अडकतात ते शेतघर मात्र पाहायला मिळत नाही. ते पाडायचेच होते म्हणून तर या मंडळींना मनसोक्त खिळे ठोकायला आणि काचा फोडायला मिळाले. त्यातले तळघर चित्रीकरणाच्या कामाचे नव्हते, म्हणून तळघरातली दृश्ये शहरात, कंपनीच्या स्वतःच्या इमारतीखाली घेतली गेली.

मला या चित्रपटाचे जे आकर्षण वाटते ते या ओळखीच्या माणसांत आहे. तळघरातला चिडका हॅरी कूपर झालेले कार्ल हार्डमन हे निर्मात्यांपैकी एक होते, पडद्यावरची त्यांची आजारी मुलगी ही त्यांची खरी मुलगी होती, आणि जॉनी झालेले रसेल स्ट्रायनरसुद्धा निर्माताच होते. वार्ताहर म्हणून दिसणारे बिल कार्डिल हे इथल्या दूरचित्रवाणीवर रात्री भयपट सादर करणारे लाडके निवेदक होते. मेलेल्यांच्या आणि बंदूकधारी शोधपथकाच्या गर्दीत आसपासचे रहिवासी आहेत. रक्त म्हणजे चॉकलेटचा पाक होता. मंडळींत खाटकाचा व्यवसाय असलेले एक गृहस्थ होते, त्यामुळे मांसाचा प्रश्नही घरच्या घरी सुटला. हे सगळे कळल्यावर भीती कमी होईल असे वाटले होते. तशी ती झाली नाही. दारात उभे असलेले लोक परके नाहीत, शेजारच्या आळीतले आहेत, हे उलट जास्त जाणवू लागले.

पुणे, छायाचित्रणाचे काम

चॉकलेटच्या पाकाचा उल्लेख वर आला आहे, त्यावरून लिहितो. तो चालून गेला, कारण चित्रपट कृष्णधवल आहे. रंगीत फिल्म परवडत नव्हती म्हणून ३५ मिमीची कृष्णधवल फिल्म वापरली गेली, आणि या एका नाइलाजाने अर्धे काम केले. १९६८ मध्ये घरोघरी बातम्या अजून मोठ्या प्रमाणात कृष्णधवल पडद्यावरच पाहिल्या जात होत्या, व्हिएतनामचे युद्ध आणि शहरांतल्या दंगली लोक त्यावर रोज पाहत होते. या चित्रपटातली शोधपथकाची दृश्ये, हातात धरलेला कॅमेरा, कुत्रे, शेतातून रांगेने चाललेली माणसे आणि बोटाएवढ्या काडतुसांची बेफिकीर हाताळणी हे सगळे त्या बातम्यांच्याच जातीचे दिसते. घराच्या आत मात्र कॅमेरा तिरका होतो, दिवा खालून लागतो आणि भिंतीवर सावल्या पसरतात, म्हणजे जुन्या भयपटांची शैली येते. या दोन जातींची चित्रे शेजारी ठेवण्याचे धाडस मोठ्या स्टुडिओने केले असते असे मला वाटत नाही. तिथे कोणीतरी सगळे एकसारखे गुळगुळीत करून टाकले असते.

संगीताचेही तेच. स्वतंत्र संगीत करून घेणे शक्य नव्हते, म्हणून तयार संगीताच्या संग्रहातले तुकडे विकत घेऊन जोडले गेले, आणि काही ठिकाणी ते तुकडे इतके भडक आहेत की हसू येते, हे मान्य केले पाहिजे. परंतु मी विद्यार्थ्यांना दाखवतो तो भाग शेवटचा आहे. तिथे हलते चित्र थांबते आणि वर्तमानपत्रात छापल्यासारखी खडबडीत कणांची स्थिरचित्रे एकापाठोपाठ येतात, आकडे लावून ओढले जाणारे प्रेत, लाकडांचा ढीग. स्थिरचित्रांना फारसा खर्च येत नाही. त्या दीड मिनिटाने वर्गात जी शांतता होते ती मला दुसऱ्या कोणत्याही भयपटाने मिळवून दिलेली नाही.

नागपूर, निवृत्त शिक्षिका

मला भयपट आवडत नाहीत. मुलाने आग्रह केला म्हणून त्याच्याबरोबर पाहिला आणि पहिला अर्धा तास मी त्याच्यासाठीच बसून होते. नंतर तळघराचे भांडण सुरू झाले आणि मी सरसावून बसले.

भांडण असे आहे. चित्रपटाचा नायक बेन म्हणतो की तळमजल्यावरच राहू, दारे-खिडक्या फळ्यांनी ठोकून बंद करू, म्हणजे वेळ आली तर बाहेर पळता येईल आणि रेडिओ-टीव्हीही हाताशी राहील. हॅरी कूपर म्हणतो की इतक्या खिडक्या सांभाळता येणार नाहीत, तळघराला एकच दार आहे, ते आतून अडसर घालून बंद केले की सकाळपर्यंत काळजी नाही. बेन धाडसी, समंजस आणि कामसू आहे. कूपर भित्रा, कुरकुऱ्या आणि बायकोशी तुसडेपणाने वागणारा आहे, म्हणून आपण सगळे पहिल्याच मिनिटाला बेनच्या बाजूला जातो. बेनच्या बेताप्रमाणे ट्रकमध्ये पेट्रोल भरायला गेलेले तरुण जोडपे जळून मरते, वरच्या खिडक्या शेवटी तुटतात, बार्बराला तिचा मेलेला भाऊच ओढून नेतो, आणि बेन एकटा वाचतो तो तळघरात शिरून, अडसर घालून. म्हणजे कूपरचे म्हणणे बरोबर होते! मी हे मुलाला म्हणाले तेव्हा त्याने लगेच आठवण करून दिली की तळघरात कूपरची चावा बसलेली मुलगीसुद्धा होती, सगळे खाली गेले असते तर तिने सगळ्यांना संपवले असते. तिने आईचे काय केले ते ज्यांनी पाहिले आहे त्यांना ठाऊक आहे. आमचा हा वाद अजून मिटलेला नाही, आणि मिटावा अशी माझी इच्छाही नाही.

शाळेत आणि गृहनिर्माण संस्थेत मी अनेक बैठका पाहिल्या आहेत. माणसाचे म्हणणे बरोबर असते, पण तो ते इतक्या वाईट पद्धतीने सांगतो की बाकीचे केवळ त्याच्या विरोधात जायचे म्हणून चुकीचा ठराव मंजूर करतात, हे मला त्या घरात अगदी तसेच दिसले. बाहेरचे ते मेलेले लोक तर हळू चालतात, एकेकटे असतील तर सहज ढकलता येतात. आतल्या सात जणांनी एकमेकांचे ऐकले असते तर त्यांना रात्र काढणे अवघड नव्हते.

कोल्हापूर

सर्वांचे कौतुक वाचले, पण मला चित्रपट संथ वाटला. पात्रे बराच वेळ टीव्हीसमोर बसून बातम्या ऐकतात आणि शुक्रावरून परतलेल्या यानाच्या किरणोत्सर्गाची शास्त्रज्ञांची चर्चा आज वाचून दाखवल्यासारखी वाटते. बार्बरा पहिल्या काही मिनिटांनंतर जवळजवळ सगळा वेळ बधिर होऊन सोफ्यावर बसते, हे तर मला खटकलेच. ऐतिहासिक महत्त्व मान्य आहे, आवड म्हणाल तर नाही.

अटलांटा, अमेरिका

बार्बराविषयीची तक्रार रास्त आहे, आणि ती स्वतः रोमेरो यांनाही पटली असावी, कारण १९९० च्या नव्या आवृत्तीची पटकथा त्यांनीच लिहिली आणि तीत बार्बरा बंदूक उचलून घराबाहेर पडते. ती आवृत्ती टॉम सव्हिनी यांनी दिग्दर्शित केली होती आणि ती वाईट नाही, परंतु तिची आठवण फारशी कोणी काढत नाही.

मी हा चित्रपट इथे, शेजाऱ्यांच्या घरी पाहिला. शेजारी कृष्णवर्णीय कुटुंब होते आणि आजोबांना चित्रपट त्याच्या पहिल्या वर्षापासून माहीत होता. मला त्यांच्याबरोबर पाहिल्यामुळे जे दिसले ते एकट्याने दिसले नसते. बेनची भूमिका करणारे ड्वेन जोन्स हे रंगभूमीवर काम केलेले, सुशिक्षित कृष्णवर्णीय अभिनेते होते. मूळ संहितेतला बेन हा रांगडा ट्रकचालक होता, जोन्स यांनी त्याची भाषा बदलून घेतली. त्यांच्या रंगाचा संपूर्ण चित्रपटात कोणी एकदाही उल्लेख करत नाही. निवड रंगाकडे पाहून नव्हे तर चाचणीतल्या सरस अभिनयामुळे केली, असे रोमेरो नेहमी सांगत असत. पण १९६८ साली एक कृष्णवर्णीय पुरुष गोऱ्या माणसांच्या घोळक्याला हुकूम देतो, एका गोऱ्या तरुणीच्या मुस्कटात मारतो आणि एका गोऱ्याला गोळी घालतो, हे पडद्यावर पाहणाऱ्या प्रेक्षकाला उल्लेखाची गरज नव्हती. पहाटे बेन खिडकीशी येतो आणि शोधपथक त्याला मेलेल्यांपैकी एक समजून गोळी घालते. आजोबा त्या ठिकाणी काही बोलले नाहीत, फक्त हाताने 'बघा' अशी खूण केली. शोधपथकातले लोक निवांतपणे कॉफी पीत, गप्पा मारत काम करत होते, ते त्यांनी मला नंतर वेगळे करून दाखवले.

तयार झालेली प्रत मोटारीत घालून रोमेरो आणि रसेल स्ट्रायनर वितरक शोधायला न्यूयॉर्ककडे निघाले होते, तेव्हा वाटेत रेडिओवर त्यांनी मार्टिन ल्यूथर किंग यांच्या हत्येची बातमी ऐकली. तो दिवस ४ एप्रिल १९६८ होता. चित्रपटाचा शेवट तेव्हा आधीच कापून जोडून झाला होता. पुढे एका वितरकाने शेवट सुखाचा करण्याची सूचना केली आणि यांनी ती मानली नाही, याबद्दल मला या मंडळींचा विशेष आदर वाटतो.

ठाणे, वकिली व्यवसाय

कलागुणांविषयी वर चांगले लिहिले गेले आहे, पण टिकण्याचे एक कोरडे कारण राहून गेले. चित्रपटाचे आधीचे नाव 'नाइट ऑफ द फ्लेश ईटर्स' असे होते. वितरकाने नाव बदलले तेव्हा नावाची पाटी नवी केली गेली, आणि जुन्या पाटीवर असलेली स्वामित्वहक्काची सूचना नव्या पाटीवर घालायची राहिली. अमेरिकेच्या त्या वेळच्या कायद्यानुसार प्रकाशित प्रतीवर अशी सूचना नसेल तर हक्कच उरत नसे, त्यामुळे चित्रपट पहिल्या दिवसापासून सार्वजनिक मालकीचा झाला. आपल्याकडच्या १९५७ च्या कायद्यात असे घडू शकत नाही, आणि अमेरिकेनेही १९८९ पासून सूचनेची अट काढून टाकली आहे.

निर्मात्यांचे यात अतोनात नुकसान झाले. मात्र त्यामुळेच हा चित्रपट कोणत्याही वाहिनीला रात्री फुकट लावता आला, कोणत्याही कंपनीला त्याच्या कॅसेट काढता आल्या, आणि इतर चित्रपटांत पात्रे टीव्ही पाहत असतील तर त्या टीव्हीवर बिनधास्त दाखवता आला. मी स्वतः तो विद्यार्थी असताना पदपथावर घेतलेल्या एका तबकडीवर पाहिला, ज्यात चार भयपट एकत्र कोंबलेले होते आणि चित्र इतके काळवंडलेले होते की तळघरातले काहीच दिसत नव्हते. तरीही पाहिला. चांगला चित्रपट आणि मोफत चित्रपट यांतले कोणते कारण मोठे, हे ठरवणे मला अशक्य वाटते. मोफत झालेले इतर शेकडो जुने चित्रपट कोणी पाहत नाही, एवढे मात्र खरे.

डोंबिवली

पत्ता पाहून सर्वांना अपेक्षित असलेला उल्लेख करूनच टाकतो. २०२२ मध्ये आदित्य सरपोतदार यांचा 'झोंबिवली' आला तेव्हा आमच्या इमारतीतले निम्मे लोक तो केवळ गावाच्या नावासाठी पाहायला गेले. तो विनोदाकडे झुकलेला आहे आणि त्याची मेलेली माणसे चपळ आहेत. परंतु संकट आले की उंच इमारतीतले आणि शेजारच्या वस्तीतले लोक एकमेकांशी कसे वागतात, यावरच त्याचा भर आहे, आणि ही वाट रोमेरो यांनी पाडलेली आहे. त्या चित्रपटानंतर मी मूळचा शोधून पाहिला.

नव्याने पाहणाऱ्यांसाठी एक सूचना. इंटरनेटवर फुकट मिळणाऱ्या बहुतेक प्रती वाईट आहेत. न्यूयॉर्कचे म्युझियम ऑफ मॉडर्न आर्ट आणि द फिल्म फाउंडेशन यांनी मूळ निगेटिव्हवरून केलेली प्रत २०१६ मध्ये दाखवली गेली आणि २०१८ पासून ती डिस्कवर मिळते. तीत तळघरही दिसते. १९८० च्या दशकात रंगवलेली प्रत टाळावी, तीत मेलेल्यांची कातडी हिरवट केली आहे. तिसाव्या वर्षानिमित्त नवी दृश्ये घालून काढलेली आवृत्ती तर कोणी भेट दिली तरी उघडू नये.