शिसवीला बेलतेल: लावावं की लाखेवर थांबावं?

पटाशी:
सागवानाला चालतं म्हणून शिसवीलाही बेलतेल (जवसाचं तेल) फासायचं, हे बंद व्हायला हवं. बेलतेल स्पिरिटसारखं उडून वाळत नाही. हवेतला ऑक्सिजन ओढून घेत ते घट्ट होतं. शिसवीच्या गाभ्यातली फिनॉल वर्गाची द्रव्यं नेमकी हीच क्रिया अडवतात. म्हणून डबल बॉइल्ड (लवकर वाळावं म्हणून प्रक्रिया केलेलं) तेलसुद्धा कित्येक आठवडे बोटाला चिकटत राहतं आणि धूळ धरतं. सागही तेलकट, पण त्यावर तेल बहुधा वाळतं. माझं मत स्पष्ट आहे: शिसवीला तेल नको.

रंधा:
इतकं टोक गाठू नका. बऱ्याचदा चूक हाताची असते. २२० नंबरच्या पॉलिश पेपरने घासा, पांढऱ्या फडक्यावर ॲसिटोन घेऊन पुसा, फडकं तांबडं-जांभळं व्हायचं थांबेपर्यंत. मग १०-१५ मिनिटांच्या आत अर्धं तेल, अर्धं टर्पेंटाइन असा पातळ हात (थर) द्या. २० मिनिटांनी कोरड्या फडक्याने सगळं पुसून काढा, लाकूड ओलं दिसता कामा नये. दुसरा हात पहिला पूर्ण वाळल्यावरच. पावसाळ्यात हे काम काढूच नका.

पटाशी:
ॲसिटोन फक्त वरचा थर धुतं, आतली द्रव्यं काही तासांत पुन्हा वर येतात. आणि टर्पेंटाइन तीच द्रव्यं विरघळवून तुमच्या तेलात आणतं. पातळ केल्याने शिसवीवर उलट बिघडतं. साग असेल तर तुमची कृती बरोबर.

लाखदाणा:
लाकूड आणि वरच्या थराच्या मध्ये लाखेचा (स्पिरिटात विरघळवलेल्या लाखेच्या पॉलिशचा) पडदा घाला. १ लिटर स्पिरिटात १२० ग्रॅम लाख, मेण काढलेली. साधा लाखदाणाच मिळाला तर द्रावण दोन दिवस न हलवता ठेवा आणि वरचं निवळ तेवढं ओतून घ्या. मेण राहिलं तर वरचं वार्निश नीट धरत नाही. दोन पातळ हात, मग ३२० नंबरने हलकं घासा. एक जपा: स्पिरिट शिसवीचा रंग सोडवतं. पांढरी जडणी (लाकडात बसवलेली नक्षी) असेल तर ब्रश मागेपुढे फिरवू नका, नाहीतर जडणीच्या कडा जांभळ्या होतात.

रंधा:
मग तेल मुरणार कुठे? लाखेवर नुसतं बेलतेल मऊ सायीसारखं बसून राहतं. त्याला तेलाचं काम म्हणू नये.

लाखदाणा:
मान्य. वर नुसतं तेल नकोच, तेलयुक्त वार्निश हवं. पेटी असेल तर लाखेवरच थांबा. टेबलावर मात्र गरम कपाने लाखेला पांढरी वर्तुळं पडतात, तिथे वार्निश लागतंच.

काचपेपर:
वाद घालण्याआधी चाचणी करा. तेच तेल, तितकाच पातळ हात, काचेच्या तुकड्यावर आणि लाकडाच्या लपलेल्या बाजूला, एकाच दिवशी. काचेवर वाळलं आणि लाकडावर चिकट राहिलं तर दोष लाकडाचा. दोन्हीकडे चिकट, तर तेल कच्चं आहे किंवा हवा दमट. चिकट थरावर आणखी तेल चढवू नका. नवा असेल तर टर्पेंटाइन आणि स्क्रबरने उतरतो, जुना पत्र्याच्या स्क्रेपरने खरवडावा लागतो.
तेलाची फडकी चुरगळून कोपऱ्यात टाकू नका. वाळताना तापतात, पेट घेतात. पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवा. हे प्रत्येक कारागिराला पहिल्या दिवशी सांगायला हवं.

पटाशी:
चाचणी पटली. पण कोकणात अंगणातल्या सागवानी झोपाळ्याला दर वर्षी बेलतेल देतात, त्यावरही बोला. पावसाळ्यात त्यावर काळी बुरशी धरते, तेलच तिचं अन्न होतं. नुसता साग ठेवला तर फक्त राखाडी पडतो.

रंधा:
बाहेरच्या कामाला बेलतेल नको, इथे आपलं एकमत. घरातल्या शिसवीबद्दल मी ॲसिटोनवर ठाम आहे. फक्त टर्पेंटाइन वगळून, नुसतं डबल बॉइल्ड घेऊन, काचेशेजारी करून बघायला हवं.