ग्रीक भांड्यांवरचे विनोदी नट कसे ओळखायचे?

क्रेटरवेडा: दक्षिण इटलीतल्या लाल आकृतीच्या (काळ्या पार्श्वभूमीवर लाल चित्रं असलेल्या) क्रेटरवर, म्हणजे दारूत पाणी मिसळायच्या मोठ्या भांड्यांवर, सुटलेल्या पोटाची, रुंद तोंडाची माणसं दिसतात. मंच काढलेला नसेल तर हा नट, सॅटर (पुराणकथांतला अर्धा माणूस, अर्धा पशू) की नुसतं व्यंगचित्र, हे कसं ठरवायचं? आणि त्यांना ‘फ्लायॅक्स भांडी’ म्हणणं योग्य आहे का?

मुखवटा: चेहऱ्याआधी मनगट आणि घोटा बघा. विनोदी नट अंगाला घट्ट बसणारा कपडा घालत आणि चित्रकार त्याची कड तिथेच रेघेने दाखवतो. बाहीवर सुरकुत्याही सापडतात. पोट आणि ढुंगण आतल्या भरावाने फुगवलेलं, म्हणून ‘उघडा’ दिसणारा नटसुद्धा कपड्यातच असतो. वर आखूड अंगरखा, त्याखाली चामड्याचं लिंग, लोंबतं किंवा गुंडाळलेलं. सॅटरला घोड्याचं शेपूट असतं. सॅटरनाट्यात सॅटर बनलेल्या नटांच्या समूहाच्या कमरेला शेपटीची चड्डी असते, पण पोटाला भराव नसतो. रेघ झिजते, कधी डागडुजीच्या रंगाखाली जाते. तेव्हा एकाच मनगटावर विसंबू नका, चारही हातपाय तपासा.

तारासकर: ‘फ्लायॅक्स’ हे नाव रूढ आहे, पण दिशाभूल करतं. ते रिन्थॉन या नाटककाराच्या फ्लायॅक्स नावाच्या प्रहसनांवरून आलं आणि तो इ.स.पू. ३००च्या आसपासचा. ही भांडी मुख्यतः त्याआधीच्या शतकातली.

जर्मनीतल्या वुर्त्सबुर्गचा अपुलियन (आग्नेय इटलीतल्या अपुलियात बनलेला) क्रेटर (सुमारे इ.स.पू. ३७०) बघाच! बाईच्या वेषातला पुरुष वेदीवर गुडघा टेकून बसलाय, हातात तलवार आणि दारूची कातडी पिशवी. पिशवीला चिमुकले बूट आहेत, कारण ती ‘बाळ’ आहे. समोरची बाई ‘रक्त’, म्हणजे दारू, झेलायला मोठं भांडं घेऊन धावतेय. हा अथेन्सचा विनोदी नाटककार अॅरिस्टोफेनीस याच्या ‘थेस्मोफोरियाझुसाई’तला प्रसंग, नाटक इ.स.पू. ४११चं. म्हणजे अथेन्सची विनोदी नाटकं इटलीत पोचली होती, आणि माझ्या मते या भांड्यांचं सगळ्यात मोठं मोल हेच.

मुखवटा: सहमत. अक्षरं असतील तर तीही वाचा. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयातल्या हंसाच्या दृश्याच्या क्रेटरवर (सुमारे इ.स.पू. ४००) पात्रांच्या तोंडचे शब्द लिहिलेत, तेही अॅटिक, म्हणजे अथेन्सच्या, बोलीत, भांडं अपुलियन असूनही. दक्षिण इटलीतल्या पेस्टमच्या अॅस्टिआस या चित्रकाराच्या बर्लिनमधल्या क्रेटरवर पेटीला कवटाळलेल्या म्हाताऱ्याला दोघं ओढतात, तिथे पात्रांची नावंच दिलीत.

मात्र प्रत्येक चित्र नाटकातला प्रसंग नसतो. दारूचा आणि नाटकाचा देव डायोनिसस याच्याबरोबर एकटा नट उभा असेल तर कथानक शोधत बसू नका. ते देवाचं आणि त्याच्या नटाचं चित्र म्हणूनच बघा.