बालवाडीतील भांडणे सोडवण्यात गेलेला वेळ वाया जातो का?

धागा मांडणारी (बालवाडी शिक्षिका, पूर्व भाग, सोलापूर)

गेल्या पालकसभेत एका वडिलांनी विचारले की, रोजचा अर्धा तास मुलांची भांडणे सोडवण्यात जात असेल, तर अक्षरे शिकवायची केव्हा? प्रश्न रास्त आहे, म्हणून उत्तर सविस्तर लिहिते. माझ्या वर्गात यंत्रमागावर आणि विड्या वळण्यावर पोट असलेल्या घरांतली मुले येतात. अनेकांची घरची भाषा तेलुगू, काहींची कन्नड किंवा उर्दू. त्यांतला साडेतीन वर्षांचा एक मुलगा, कोणी ठोकळे हिसकावले की चावत असे. राग आला हे सांगायला त्याच्याजवळ मराठी शब्दच नव्हता. त्याच्या आजीकडून मी ‘कोपम’ हा शब्द शिकले आणि तो चिडला की शेजारी बसून ‘कोपम आला का?’ असे विचारू लागले. काही आठवड्यांनी तो चावण्याऐवजी तोच शब्द सांगत माझ्याकडे येऊ लागला. तीन ते आठ वर्षांच्या मुलांसाठी 2022 साली आलेल्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यातही सामाजिक-भावनिक विकासाला भाषा आणि गणिताच्या जोडीने स्थान दिलेले आहे.

प्रतिसाद (पालक, यंत्रमाग कामगार)

ताई, सभेत तो प्रश्न मीच विचारला होता. वाटून खाणे, रुसवा काढणे हे आमच्या मुलांना चाळीतल्या भावंडांत आपोआप कळते. अक्षरे मात्र आम्ही शिकवू शकत नाही, कारण माझे शिक्षण चौथीपर्यंतचे आहे आणि मुलांची आई दिवसभर विड्या वळते. पहिलीत आमची मुलगी मागे पडली, तर तिच्या मनाला होणारी जखम कोणत्या खेळाने भरून निघणार?

प्रतिसाद (निवृत्त मुख्याध्यापक)

मला भीती वेगळीच वाटते. भावनिक विकास अभ्यासक्रमात आला की त्याचे रकाने येतात, आणि मग चार वर्षांच्या मुलाच्या प्रगतिपुस्तकात ‘सहकार्य: ब’ असे लिहिले जाते. चिडके म्हणून एकदा नोंद झालेले मूल पुढच्या शिक्षकाच्या नजरेत चिडकेच राहते.

धागा मांडणारी

सर, श्रेणीला माझाही विरोध आहे. मी केवळ घडलेला प्रसंग वहीत लिहिते. दादा, अक्षरांची तुमची निकड मला मान्य आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी कोसबाडच्या आदिवासी मुलांसाठी जे काम उभे केले, त्यात मुलाच्या परिसराला आणि बोलीला स्थान देऊनच शिक्षण पुढे नेले होते. शिवाय जे मूल रडत किंवा धास्तावून बसलेले असते, त्याच्यापुढे पाटी ठेवून उपयोग होत नाही, हे मी रोज पाहते. चावणारा तो मुलगा शांत बसू लागल्यावरच गोष्टी ऐकू लागला.

प्रतिसाद (पालक, यंत्रमाग कामगार)

त्या मुलाचे भले झाले याचा आनंद आहे. परंतु माझी मुलगी कोणाशी भांडत नाही, चावत नाही, कोपऱ्यात बसून राहते. भांडणाऱ्यांच्या शेजारी तुम्ही जाऊन बसता. तिच्या शेजारी कोण बसते?

धागा मांडणारी

दादा, तिच्याविषयी माझ्या वहीत महिनाभरात एकही ओळ नाही, हे आत्ता पाने चाळून पाहिले. ही चूक माझी आहे. उद्या गोष्टीच्या वेळी तिला माझ्याजवळ बसवते. घरी ती कशाविषयी बोलते, तेवढे मला सकाळी सोडायला याल तेव्हा सांगा.