सल्ला हवा: बारा वर्षं उभी असलेली पद्मिनी, पेट्रोल सिस्टीम दुरुस्त करू की नवी टाकू?

साताऱ्याचा_गडी:
काकांची 1986 ची प्रीमियर पद्मिनी कराडजवळ गावी पत्र्याच्या शेडमध्ये उभी आहे. 2013 नंतर चालू केलेली नाही. इंजिन जाम नाही, पण टाकीतल्या पेट्रोलला वॉर्निशसारखा वास येतोय. मेकॅनिक म्हणतो, जुना पंप काढून मारुतीचा इलेक्ट्रिक पंप बसवू, कार्ब्युरेटरही (हवा-पेट्रोल मिसळणारा भाग) नवा टाकू. टाकीबद्दल तो काहीच बोलत नाही. काय करावं?

नानापेठकर:
सुरुवात टाकीपासूनच. टाकीत गंज असेल तर आज बसवलेला नवा कार्ब्युरेटर आठवड्याभरात तुंबेल. टाकी खाली उतरवा, जुनं पेट्रोल काढा (दुसऱ्या गाडीत घालू नका, गटारात तर नाहीच). आत साखळीचा तुकडा टाकून भरपूर हलवा, मग दिवसभर व्हिनेगर भरून ठेवा. नंतर खायच्या सोड्याच्या पाण्याने खळखळून धुऊन लगेच कडक उन्हात वाळवा, नाहीतर संध्याकाळपर्यंत पुन्हा तांबूस होते. आतून लावायचं कोटिंग मी टाळतो. स्वस्तातलं असेल तर पापुद्रे सुटतात आणि तेच कार्ब्युरेटरच्या जेटमध्ये (पेट्रोल सोडणाऱ्या बारीक छिद्रांत) अडकतात.

गॅरेजवाली_ताई:
टाकीला भोक निघालं तर वेल्डिंगवाल्याकडे थेट नेऊ नका. रिकाम्या टाकीतली वाफ भरलेल्या टाकीपेक्षा वाईट. जुन्या रेडिएटरवाल्यांकडे टाकी उकळून, धुऊन मग डाग (सोल्डर) देतात, तिथेच द्या.

सोलेक्सप्रेमी:
मारुतीचा म्हणजे इंजेक्शनच्या गाडीतला पंप असेल तर स्पष्ट नाही म्हणा. तो 40 पीएसआयच्या आसपास दाब देतो, आपल्या सोलेक्स कार्ब्युरेटरला दोन-तीन पुरतात. त्यातला पेट्रोल बंद करणारा नीडल व्हॉल्व्ह एवढा दाब अडवूच शकत नाही, पेट्रोल उतू जाऊन गरम मॅनिफोल्डवर पडेल. मूळ मेकॅनिकल पंपाला नवा डायफ्राम (आतला लवचिक पडदा) टाका. त्याखालचा जाड स्पेसर फेकू नका आणि गॅस्केटची जाडीही बदलू नका, पंपाचा स्ट्रोक त्यावर ठरतो. स्पेसर उष्णताही अडवतो. (खंबाटकी घाटात तापलेल्या पंपावर ओलं फडकं टाकून थांबलेले इथे बरेच जण असतील!)

कार्ब्युरेटर बदलायची गरज नाही. बॉडी वाकलेली नसेल तर धुऊन दुरुस्ती किट टाकून घ्या. जेट पितळेचे आहेत, तारेने टोचू नका, भोक मोठं झालं की मिक्स्चर कायमचं बिघडतं.

साताऱ्याचा_गडी:
आभार. ताई, टाकी उतरवतोच. एक विचित्र गोष्ट: इंजिन ऑइल मोजायच्या डिपस्टिकला पेट्रोलचा वास येतोय, ऑइलची पातळीही वर दिसतेय.

सोलेक्सप्रेमी:
मग डायफ्राम फाटलाय. पेट्रोल थेट ऑइलमध्ये उतरलंय. ऑइल आणि फिल्टर बदलल्याशिवाय सेल्फ मारू नका, पातळ झालेल्या ऑइलवर बेअरिंग जातील.

नानापेठकर:
आणि रबराचे सगळे पाइप बदला, चांगले दिसत असले तरी. आता पेट्रोल पंपावर सरसकट ई20 (20 टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) मिळतं. जुन्या रबराला इथेनॉल सोसत नाही: आतून फुगतं, मऊ पडतं, तुकडे सुटतात. पाइपवर 'एसएई जे30 आर9' छापलेलं बघून घ्या. डायफ्रामही इथेनॉल चालणारा मागा. लोखंडी लाइन मात्र गंजून पातळ झाली नसेल तर हवा मारून तीच ठेवा. सुट्या भागांसाठी पुण्यात नाना पेठेत किंवा मुंबईत ऑपेरा हाउसला विचारा. मुंबईची काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सी 2023 मध्ये बंद झाली, पण तिचे सुटे भाग अजून निघतात.

गॅरेजवाली_ताई:
पहिल्यांदा चालू करताना टाकी जोडूच नका. छोट्या बाटलीतून ताजं पेट्रोल नळीने कार्ब्युरेटरला द्या, बाटली इंजिनपासून लांब उंचावर टांगा, शेजारी फायर एक्स्टिंग्विशर ठेवा. इंजिन त्यावर नीट चाललं की मगच पंप आणि टाकी जोडा, मध्ये पारदर्शक फिल्टर लावून. फिल्टरमध्ये लाल भुकटी दिसली तर टाकी पुन्हा उतरवायची. मेकॅनिकला राग आला तर येऊ दे.