आयकर म्हणे राज्यघटनेने आणला!

हिशेबनीस:
परवा खुलाबाजार यांनी इथे लिहिलं की आयकर हे नेहरूंच्या समाजवादाचं अपत्य, घटनेआधी तो नव्हताच. राहवलं नाही म्हणून वेगळा धागा काढतोय. १८५७ च्या उठावाने सरकारी तिजोरी रिकामी झाली, ती भरायला लंडनहून जेम्स विल्सन हा व्हाइसरॉयच्या कौन्सिलचा अर्थसदस्य म्हणून आला आणि १८६० मध्ये त्याने आयकर लावला. वर्षाला २०० ते ५०० रुपये मिळकतीवर २ टक्के, त्यापुढे ४ टक्के. १८६५ मध्ये तो बंद पडला, नंतर येत-जात राहिला आणि १८८६ च्या कायद्याने कायमचा बसला. पुढे १९२२, मग १९६१. घटनेने फक्त संघसूचीतल्या (केंद्राच्या विषयांच्या यादीतल्या) ८२ व्या नोंदीत तो केंद्राकडे ठेवला.

पगारदार:
नोंद पूर्ण सांगा की! 'शेती-उत्पन्नाखेरीज' हे शब्द का गाळलेत? सगळा घोळ तिथेच आहे. माझा कर पगार हातात पडायच्या आधीच कापला जातो. आमच्या सोसायटीतले एक गृहस्थ मंगल कार्यालय चालवतात आणि कर वाचवायला चार एकरांवर लाखोंचं द्राक्ष-उत्पन्न दाखवतात. त्या जमिनीत कुसळं उगवतात, मी डोळ्यांनी पाहिलीत.

बांधावरचा:
आलात शेवटी शेतकऱ्यावर. चोरी तुमच्या शेजाऱ्याची, शिक्षा आम्हाला? गेल्या साली वडिलांनी कांदा बाजार समितीत नेला. हमाली, तोलाई, गाडीभाडं वजा जाऊन पट्टीवर, म्हणजे विक्रीच्या हिशेबाच्या पावतीवर, आमच्याच नावाने देणं निघालं. ती पट्टी अजून कपाटात आहे. यावर कोणता टक्का लावणार?

हिशेबनीस:
विषय घटनेचा होता. तरी सांगतो, १८६० च्या कायद्यात जमिनीची मिळकतही धरली होती. सूट १८८६ ला आली, जमीन शेतसारा (जमिनीवरचा सरकारी कर) भरतेच म्हणून.

पगारदार:
मग आज सारा किती उरलाय? कारण गेलं, सूट तेवढी राहिली.

बांधावरचा:
शेती-उत्पन्नावर कर लावायचा अधिकार राज्यांना आहे, राज्यसूचीत ४६ वी नोंद वाचा. आसामने चहामळ्यांवर स्वातंत्र्याआधीच लावला. मोठ्या मळेवाल्यांना, कंपन्यांना लावा, माझी ना नाही. पण सातबारा बघून नको, पट्ट्या बघून लावा.

पगारदार:
पट्ट्याच खोट्या बनवतात, तेच तर सांगतोय!

खुलाबाजार:
मूळ पोस्ट माझी. १८६० ठीक आहे, धरा. पण विल्सनचा कायदा ज्या कायदेमंडळाने केला त्यात एकही भारतीय नव्हता. परक्यांनी लादलेला कर आपण जसाच्या तसा ठेवला, माझा राग त्यावर आहे.

हिशेबनीस:
जसाच्या तसा नाही. अनुच्छेद २६५ प्रमाणे कायद्याच्या आधाराशिवाय कर घेताच येत नाही, आणि दर आता दरवर्षी आपली संसद ठरवते. १८६० मध्ये मद्रासचा गव्हर्नर ट्रेव्हेल्यन या कराविरुद्ध उघड बोलला, तर त्यालासुद्धा परत बोलावलं. तुम्ही इथे रोज बोलताय.