मदत हवी आहे: ऑटिझम असलेल्या लेकीला कराटे किंवा तायक्वांडोला घालावं का?

नमस्कार मंडळी,

माझी लेक तेरा वर्षांची आहे, तिला ऑटिझम आहे. बोलते फार कमी, बहुतेक वेळा एकेक शब्दच. दोन महिन्यांपूर्वी तिच्या मामाने तिला थाई सिनेमा 'चॉकलेट' लावून दिला. २००८ चा, दिग्दर्शक प्राच्या पिनकाएव यांचा. (त्याच नावाचा २००५ चा हिंदी सिनेमा वेगळा.) तेव्हापासून घरात रोज संध्याकाळी तोच चालू असतो.

ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी: नायिका झेन ऑटिस्टिक आहे. शेजारी मुए थायची (थायलंडच्या किकबॉक्सिंगची) शाळा आणि घरात टीव्हीवरचे मारामारीचे सिनेमे, एवढं बघूनच ती लढायला शिकते. आईला कॅन्सर होतो, औषधाला पैसे नसतात. आईच्या जुन्या वहीत कोणाकडून किती येणं आहे ते लिहिलेलं असतं आणि मूम नावाचा मित्र झेनला घेऊन ते वसूल करायला निघतो. बर्फाच्या कारखान्यातल्या मारामारीत ती ब्रूस लीसारखी ओरडते, तिथे आमची लेकही ओरडते. सुरात सूर मिळवून.

मला या सिनेमाबद्दल आपुलकी आहे. झेनला माशीची भीती वाटते, ते बघून माझी लेक माझा हात घट्ट धरते. तिची भीती कुकरच्या शिट्टीची. आपल्यासारखं कोणीतरी पडद्यावर आहे हे तिला कळतं, असं मला मनापासून वाटतं. पण बघून बघून कोणी असं लढायला शिकत नाही, हेही मला कळतं. झेनचं काम करणाऱ्या यानिनला ऑटिझम नाही. ती आधीपासून तायक्वांडो शिकलेली होती आणि या सिनेमासाठी तिने पुढे काही वर्षं तालीम केली.

आता मुद्दा. लेक गादीवर उभी राहून लाथ मारते आणि पाय खरंच छान उचलते. गुडघा आधी वर, मग पाय सरळ, टाच वळलेली. हे तिला कोणी शिकवलेलं नाही. मात्र गेल्या आठवड्यात तिने मावसभावाच्या पोटात लाथ मारली. तो रडायला लागला तेव्हा तिने स्वतःच्या पोटावर हात ठेवला आणि म्हणाली, "लागलं." सिनेमाच्या शेवटी, नावं येतात तेव्हा, शूटिंगमध्ये कोणाकोणाला लागलं ते दाखवलंय. तिथेही ती रोज हेच म्हणते. त्यामुळे तिला भावाचं दुखणं कळलं, की ती फक्त तिथला शब्द परत म्हणाली, हे मला ठरवता येत नाहीये. रात्रभर त्याच विचारात होते.

एका क्लासमध्ये चौकशी केली. सरांनी तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही, "अशी मुलं आम्ही घेत नाही" म्हणाले. ती शेजारीच उभी होती.

तुमच्यापैकी कोणी ऑटिझम असलेल्या मुलामुलीला कराटे किंवा तायक्वांडो शिकवलंय का? मला वाटतं कराटेतला काता तिला मानवेल, कारण हालचालींचा क्रम दरवेळी तोच, समोर प्रतिस्पर्धी नाही. पण हॉलमध्ये वीस मुलं एकदम ओरडली तर ती कान झाकून खाली बसेल. पवित्रा सुधारायला सर न सांगता खांदा धरतील, तेही तिला चालत नाही. सुरुवातीला एकटीची शिकवणी घ्यावी का? सरांना आधी काय काय सांगून ठेवलंत? आणि सगळ्यात महत्त्वाचं: "पॅडवर मारायचं, माणसाला नाही" हे तुम्ही मुलांना कसं शिकवलंत? चित्रं वापरलीत, की जागा ठरवून दिलीत? मी सध्या गादीभोवती लाल चिकटपट्टी लावली आहे. लाथ फक्त आतच. चार दिवस तिने ते पाळलंय.

शिकवणारे कोणी इथे असतील तर त्यांनीही कृपया लिहा.